प्लगचा गॅप वाढवला की मायलेज वाढतं? खुलासा

बरीच वर्षं फिरणारा मेसेज आहे, पेट्रोल गाडीच्या स्पार्क प्लगचा गॅप, म्हणजे ठिणगी पडते त्या दोन टोकांमधलं अंतर, थोडं वाढवा, ठिणगी मोठी पडते आणि मायलेज वाढतं. ऐकायला पटतं, कारण ठिणगी खरंच लांब होते, पण ती हवेतून उडी मारायला कॉइलला (प्लगला वीज पुरवणारा भाग) जास्त व्होल्टेज द्यावं लागतं आणि घाटात पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर सिलिंडरमधलं प्रेशर वाढलं की ती ठिणगी कधीकधी पडतच नाही, गाडी मिसफायर करते, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधून वाया जातं. आणि एक बघा, प्लग झिजला की गॅप आपोआप वाढतो, मग जुन्या प्लगवर मायलेज वाढायला हवं होतं ना? उलट कमी होतं.

घरी तपासता येतं. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच प्लग काढा, टोक फिकट तपकिरी असेल तर उत्तम, कोरडी काळी काजळी म्हणजे बहुतेक पेट्रोल जास्त जातंय. मग मॅन्युअलमधला आकडा बघा, बऱ्याच गाड्यांना 0.7 ते 1.1 मिमी असतो, तेवढ्या जाडीची गेजची (गॅप मोजायच्या साधनाची) तार हलकी घासत गेली पाहिजे. नवीन प्लगही असाच मोजा, डबा पडला असेल तर गॅप बदलतो. इरिडियम धातूचं टोक असलेल्या प्लगचं मधलं टोक फार नाजूक, त्यावर कधीच जोर देऊ नका.