अफगाण युद्धसाथीदार आणि ग्रीनकार्डच्या वाटा

अफगाणिस्तानात २००१ ते २०२१ अशी वीस वर्षं अमेरिका आणि नाटोच्या फौजा होत्या आणि त्यातल्या बहुतेकांना ना पश्तो यायची ना दरी (तिथल्या दोन मुख्य भाषा), म्हणजे गावात शिरायचं, म्हाताऱ्या मलिकाशी, म्हणजे गावप्रमुखाशी, बोलायचं, रस्त्यात बॉम्ब पुरलाय का ते विचारायचं तर सोबत स्थानिक माणूस हवाच. दुभाष्याला तिकडे तर्जुमान म्हणतात, आपल्या जुन्या मराठीतला 'तर्जुमा' त्याच घरातला शब्द. पण युद्धसाथीदार म्हणजे फक्त दुभाषे नाहीत, ड्रायव्हर, दूतावासातले क्लार्क, कंत्राटदाराकडे कामाला असलेले इंजिनिअर, गार्ड असे सगळे यात येतात. तालिबानच्या लेखी हे सगळे गद्दार. त्यामुळे ज्यांच्यासाठी काम केलं त्या देशांनी यांना कायमचं राहू द्यावं अशी मागणी आली, कायदे झाले, आणि त्या कायद्यांचं जे जंगल उभं राहिलं त्यावर ही नोंद आहे. बहुतेक भाग अमेरिकेबद्दल, कारण सगळ्यात मोठा आकडा तिकडचाच.

मुख्य वाट म्हणजे स्पेशल इमिग्रंट व्हिसा, सगळे एसआयव्ही म्हणतात. पहिली तरतूद २००६च्या संरक्षण कायद्यात झाली, ती फक्त दुभाष्यांसाठी आणि वर्षाला जेमतेम ५० व्हिसे, इराक आणि अफगाणिस्तान मिळून. मग २००९ मध्ये अफगाण अलाइज प्रोटेक्शन अ‍ॅक्ट आला, त्यात अमेरिकी सरकारसाठी किंवा सरकारच्या वतीने काम केलेले सगळे आले आणि वर्षाला १,५०० व्हिसे ठरले. नोकरीची अट आधी एक वर्ष, सप्टेंबर २०१५ नंतरच्या अर्जांना दोन वर्षं, आणि जुलै २०२१ मध्ये काबूल पडायला आलं तेव्हा घाईघाईत परत एक वर्ष.

एसआयव्हीचं खरं मोल म्हणजे हा व्हिसा घेऊन विमानातून उतरला की माणूस त्याच दिवसापासून कायम रहिवासी, ग्रीनकार्ड पोस्टाने घरी, पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज. आपल्याकडे आता पुण्या-ठाण्यातल्या आईबाबांनाही मुलाच्या एचवनबीमुळे 'प्रायॉरिटी डेट' (ग्रीनकार्डच्या रांगेतली आपली तारीख) हा शब्द पाठ झालाय, ती भानगड इथे नाही. इथे देशवार रांग नसून काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने, आपली नव्हे) ठरवून दिलेला एकूण आकडा असतो आणि तो संपत आला की परत कायदा करून वाढवायचा. असं करत करत मार्च २०२४ मध्ये १२,००० वाढवले तेव्हा डिसेंबर २०१४ पासूनची बेरीज ५०,५०० झाली.

आता प्रोसेस. सरकारी कागदावरच १४ पायऱ्या आहेत. सगळ्यात अवघड पहिली, चीफ ऑफ मिशन अप्रूव्हल, म्हणजे दूतावासाच्या प्रमुखाच्या नावाने मिळणारी मंजुरी. तिला एचआरचं नोकरीचं पत्र लागतं, शिवाय आपल्या अमेरिकन साहेबाचं शिफारसपत्र, आणि जिवाला धोका का आहे ते स्वतः लिहून द्यायचं. ऐकायला सोपं वाटतं ना? पण साहेब सहा-आठ महिन्यांनी बदलून जायचा, तो आता अमेरिकेत कुठल्या गावात आहे कोणाला माहीत, त्याचा आर्मीचा ईमेल बंद, आणि ज्या कंपनीच्या कंत्राटावर काम केलं ती कंपनीच गुंडाळलेली, मग एचआरचं पत्र आणणार कुठून. कित्येक जण फेसबुकवर जुने सार्जंट शोधत बसले आणि ते सार्जंटही रात्र-रात्र जागून पत्रं लिहीत होते, हे मान्य करायला पाहिजे.

त्यात ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानने काबूल घेतलं. तालिबान दारोदार झडती घेणार या भीतीने लोकांनी घरातली सर्टिफिकेटं, सैनिकांसोबतचे फोटो, बॅज सगळं जाळलं. जे कागद जवळ ठेवले तर जीव जाईल तेच कागद नसतील तर व्हिसा नाही. दूतावासानेही निघताना संवेदनशील कागदपत्रं नष्ट केली त्यात व्हिसासाठी जमा केलेले काही अफगाण पासपोर्टही गेले.

कायद्याने सरकारकडची प्रोसेस नऊ महिन्यांत संपायला हवी होती. प्रत्यक्षात लोक वर्षानुवर्षं लटकले, म्हणून २०१८ मध्ये अर्जदारांनी वॉशिंग्टनच्या कोर्टात केस टाकली आणि पुढच्या वर्षी कोर्टाने हा उशीर अवाजवी आहे असं स्पष्ट म्हटलं. कुटुंबाची व्याख्याही अमेरिकन, नवरा किंवा बायको आणि २१ वर्षांखालची अविवाहित मुलं. एका वाड्यात राहणारे आईवडील, भाऊ, विधवा बहीण यात बसत नाहीत, आणि धमक्या मात्र त्यांनाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल विमानतळावरून १ लाख २० हजारांहून जास्त लोक बाहेर काढले गेले, त्यातले ७६ हजारांच्या आसपास पुढे अमेरिकेत पोचले. इथून सगळा गुंता सुरू होतो. यातल्या बहुतेकांकडे पूर्ण झालेला एसआयव्ही नव्हता, म्हणून त्यांना ह्युमॅनिटेरियन परोल देऊन आत घेतलं, मुदत दोन वर्षं. परोल म्हणजे व्हिसा नाही, त्याने कामाचं परमिट मिळतं पण तो ग्रीनकार्डपर्यंत आपोआप नेत नाही. म्हणजे बघा, एकाच तुकडीत काम केलेले दोघे एकाच विमानात शेजारी बसून आले, एकाचा एसआयव्ही झालेला तो कायमचा रहिवासी, दुसऱ्याची फाइल सहाव्या पायरीवर म्हणून तो दोन वर्षांचा पाहुणा. काम तेच, धोका तोच. फरक कागदाचा.

परोलवाल्यांसमोर दोन पर्याय उरले, अमेरिकेत बसून एसआयव्ही पूर्ण करून स्टेटस बदलून घ्यायचं किंवा असायलम, म्हणजे आश्रय, मागायचं. असायलम मिळालं की एक वर्षाने ग्रीनकार्डचा अर्ज करता येतो, पण त्यासाठी छळाची भीती परत पहिल्यापासून सिद्ध करायची. मे २०२२ पासून टीपीएस नावाचं तात्पुरतं संरक्षणही होतं, ते जुलै २०२५ मध्ये संपवलं. आणि जे एसआयव्हीच्या अटीत बसत नव्हते, म्हणजे अमेरिकन पैशावर चालणाऱ्या प्रकल्पांतले किंवा अमेरिकन मीडियाचे लोक, त्यांच्यासाठी ऑगस्ट २०२१ मध्ये पी-टू नावाची निर्वासितांची कॅटेगरी काढली, पण तिचा अर्ज पुढे सरकायला आधी अफगाणिस्तानबाहेर पडायचं होतं, तेही स्वतःच्या खर्चाने.

हा गुंता एका फटक्यात सोडवायला, म्हणजे परोलवाल्यांना थेट ग्रीनकार्डचा अर्ज करता यावा म्हणून, अफगाण अ‍ॅडजस्टमेंट अ‍ॅक्ट आणला गेला, ऑगस्ट २०२२ मध्ये आणि परत २०२३ मध्ये. सिनेटमध्ये डेमोक्रॅट एमी क्लोबुशार आणि रिपब्लिकन लिंडसे ग्रॅहम दोघांनी मिळून मांडला, तरी पास झाला नाही. हे काही नवलाचं मागणं नव्हतं. क्युबातून आलेल्यांसाठी १९६६ मध्ये असाच कायदा झाला, सायगाव पडल्यावर परोलवर आलेल्या व्हिएतनामींसाठी १९७७ मध्ये झाला. अफगाणांच्या वेळीच घोडं अडलं, विरोधकांचं म्हणणं होतं की घाईत आणलेल्या लोकांची तपासणी नीट झालेली नाही, आणि समर्थक म्हणत होते की अहो हाच कायदा नव्याने तपासणी करायला सांगतोय.

२०२५ मध्ये दारं एकेक करून लागत गेली. जानेवारीत निर्वासित कार्यक्रम थांबला, जूनमध्ये अफगाण नागरिकांवर प्रवेशबंदी आली पण एसआयव्हीला सूट होती. २६ नोव्हेंबरला वॉशिंग्टनमध्ये नॅशनल गार्डच्या दोन जवानांवर गोळीबार झाला, संशयित २०२१ मध्ये आलेला अफगाण निघाला आणि तोही अमेरिकेच्या बाजूने लढलेल्या तुकडीतला. त्यानंतर अफगाणांचे इमिग्रेशन अर्ज आणि व्हिसे थांबवले, आणि १ जानेवारी २०२६ पासून एसआयव्हीची सूटही काढली. योगायोग असा की चीफ ऑफ मिशनकडे अर्ज करायची कायद्यातली मुदतही ३१ डिसेंबर २०२५ लाच संपत होती.

ब्रिटनने एप्रिल २०२१ मध्ये आपल्या अफगाण साथीदारांसाठी आरॅप नावाची योजना काढली, तिच्यातून आलेल्यांना तिथे बेमुदत राहायची परवानगी मिळते. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये संरक्षण खात्यातून सुमारे १९ हजार अर्जदारांची यादीच फुटली, ज्या यादीत नाव असणं म्हणजे तालिबानला पत्ता देण्यासारखं, आणि बातमी बाहेर येऊ नये म्हणून कोर्टाचा असा मनाई हुकूम आणला की हुकूम आहे हेही छापता येत नव्हतं. जुलै २०२५ मध्ये तो उठला तेव्हा लोकांना कळलं, आणि योजना तर त्याच महिन्याच्या १ तारखेला नव्या अर्जांना बंद झाली होती. कॅनडाचा प्रकार त्यामानाने सरळ, निवड झालेले लोक उतरतानाच कायम रहिवासी, ४० हजार अफगाण आणायचं ठरवलं आणि २०२३ मध्ये तो आकडा गाठला. जर्मनीने आपल्या स्थानिक कर्मचाऱ्यांना आणि इतरांना होकार दिला, पण त्यातले बरेच इस्लामाबादच्या गेस्टहाऊसमध्ये अडकले आणि तिकडून पाकिस्तान त्यांना हाकलायला लागला.

भारताची फौज तिथे लढत नव्हती म्हणून अशी साथीदार योजना इथे नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये अफगाणांसाठी वेगळा ई-व्हिसा काढला आणि आधी दिलेले व्हिसे रद्द केले, त्यात सुट्टीला घरी गेलेले, पुण्यात वगैरे शिकणारे विद्यार्थीही तिकडेच अडकले. दिल्लीत लाजपतनगर-भोगल भागात राहणारे अफगाण यूएनएचसीआरचं (संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं) कार्ड घेऊन तिसऱ्या देशाची वाट बघतात. आणि २०२१ मध्ये विमानाने आणलेल्या अफगाण शीख-हिंदूंना सीएएही (नागरिकत्व सुधारणा कायदा) लागू होत नाही, कारण त्यातली तारीख ३१ डिसेंबर २०१४ ची आहे.