नेटबुकवर लिनक्स कुठे अडतं, आणि का

जुन्या नेटबुकवर, म्हणजे छोट्या, स्वस्त लॅपटॉपवर, विंडोजऐवजी लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टिम टाकायला बसलेल्या माणसाला सहसा दोन सल्ले मिळतात. एक, ‘लिनक्स जुन्या मशीनवर मस्त चालतं’. दुसरा, ‘त्या मॉडेलचा नाद सोड’. दोन्ही खरे असू शकतात. कोणता लागू पडेल हे मशीन किती जुनं किंवा किती कमजोर यावरून ठरत नाही. आतली चिप कोणी बनवली आणि तिचा ड्रायव्हर (ती चिप चालवणारा प्रोग्रॅम) कर्नलपर्यंत, म्हणजे लिनक्सच्या मुळाशी असलेल्या भागापर्यंत, पोचला का, यावर ते ठरतं.

खरं तर नेटबुक हा प्रकार बाजारात आला तोच लिनक्स घेऊन. २००७ च्या अखेरीस आलेल्या असूसच्या ईई पीसी ७०१ मध्ये ७ इंची स्क्रीन, ५१२ एमबी रॅम आणि जेमतेम ४ जीबीची एसएसडी होती. त्यावर झँड्रॉस नावाचं लिनक्स होतं. पुढच्या वर्षी एसरचं अ‍ॅस्पायर वन लिनपससह आलं, तर डेलचं मिनी ९ उबंटू ८.०४ सह. एवढ्याशा जागेत तेव्हाचं नवं विंडोज व्हिस्टा मावणं शक्यच नव्हतं. मायक्रोसॉफ्टला हे लगेच कळलं. एप्रिल २००८ मध्ये त्यांनी खास या स्वस्त मशीनसाठी जुन्या विंडोज एक्सपी होमची मुदत वाढवली आणि लिनक्सवाली मॉडेलं हळूहळू मागे पडली.

पण ‘लिनक्ससह आलं’ याचा अर्थ फार मर्यादित होता. कंपनीने निवडलेली एक आवृत्ती, एक कर्नल आणि त्यावर बसवलेले ड्रायव्हर, एवढं चालायचं. तेच मशीन पुसून दुसरं डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा दुसरा तयार संच, टाकला की वायफाय गायब.

वायफायची कथा त्या मानाने सुखान्त आहे. ईई पीसीमध्ये अ‍ॅथेरॉसची चिप होती. तिच्यासाठीच्या मॅडवायफाय ड्रायव्हरचा गाभा, ज्याला एचएएल म्हणत, बंद स्वरूपात, म्हणजे सोर्स न दाखवता, मिळायचा. रेडिओ लहरींच्या नियमांमुळे तो खुला करता येत नाही, असं कारण दिलं जाई. ओपनबीएसडी या दुसऱ्या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मंडळींनी चिपचं वागणं उलगडून स्वतःचा गाभा लिहिला, आणि त्यावर उभा राहिलेला ‘अ‍ॅथ५के’ एप्रिल २००८ मध्ये कर्नल २.६.२५ मध्ये आला. त्याच वर्षी अ‍ॅथेरॉसने स्वतः आपल्या नव्या चिपांसाठी खुला ड्रायव्हर दिला आणि जुन्या एचएएलचा सोर्सही मोकळा केला. ब्रॉडकॉमला उशीर झाला. त्यांच्या चिपांसाठी उलगडून लिहिलेला बी४३ होता, पण त्याला लागणारं फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारा प्रोग्रॅम, वाटायला परवानगी नव्हती. ते कंपनीच्या ड्रायव्हरमधून कापून काढावं लागे, आणि त्यासाठीही बहुधा आधी इंटरनेट लागे! नाहीतर एनडीआयएसरॅपर वापरून विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्समध्ये चालवायचा. ब्रॉडकॉमने काही नव्या चिपांचा खुला ड्रायव्हर दिला तो सप्टेंबर २०१० मध्ये.

ग्राफिक्सची कथा वेगळी, आणि खरा घोळ तिथेच आहे. बहुतेक नेटबुकांत इंटेलचा अ‍ॅटम एन२७० प्रोसेसर आणि जीएमए ९५० ग्राफिक्स असे. हे ग्राफिक्स इंटेलच्या घरचं, ड्रायव्हर खुला, त्यामुळे ती मशीनं वर्षानुवर्षं निमूट चालली. पण अ‍ॅटमची झेड नावाची दुसरी मालिका होती, हातात मावणाऱ्या छोट्या उपकरणांसाठी बनवलेली. वीज कमी खायची म्हणून काही कंपन्यांनी ती नेटबुकांत घातली: डेल मिनी १२, एसरचं अ‍ॅस्पायर वन ७५१एच, सोनीचं वायो पी, नोकियाचं बुकलेट ३जी. तिच्या जोडीच्या पोल्सबो चिपसेटमधल्या ग्राफिक्सचं नाव होतं जीएमए ५००. नाव इंटेलचं, पण आतला पॉवरव्हीआर गाभा इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीज या ब्रिटिश कंपनीचा, आणि त्याची कागदपत्रं जाहीर करणं इंटेलच्या हातात नव्हतं. नावात जीएमए आहे म्हणजे चालेल, असं समजून घेणारे सगळे इथे फसले.

या चिपसाठी लिनक्स ड्रायव्हर नव्हताच असं नाही. होता, पण अर्धा बंद आणि त्या काळच्या ठराविक कर्नलला व स्क्रीनवर चित्र उभं करणाऱ्या एक्स सर्व्हरला जखडलेला. लिनक्सच्या कर्नलमध्ये ड्रायव्हरशी जोडणारे आतले दुवे स्थिर ठेवण्याची हमी कोणी देत नाही, आणि हे धोरण जाणूनबुजून आहे. ड्रायव्हर कर्नलच्या आत असेल तर दुवा बदलणाराच तोही दुरुस्त करतो. बाहेर असेल तर ज्याचा त्याने बघावं. मला हे धोरण योग्य वाटतं, पण त्याची किंमत ज्यांनी चुकवली त्यांत पोल्सबोवाले पुढे होते. प्रत्येक नव्या उबंटूबरोबर ड्रायव्हर मोडायचा. मग उरायचा जवळपास कुठल्याही चिपवर कसाबसा चालणारा साधा व्हेसा ड्रायव्हर आणि रुंद स्क्रीनवर ताणलेलं चित्र.

२०११ मध्ये ॲलन कॉक्स या कर्नल-विकासकाने जीएमए ५०० साठी खुला ड्रायव्हर लिहून कर्नलच्या ‘स्टेजिंग’ विभागात आणला. अपुऱ्या पण उपयोगी ड्रायव्हरांसाठी कर्नल-विकासक ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी २००८ मध्ये उघडलेलं हे आवार. २०१२ च्या ३.३ कर्नलमध्ये तो मुख्य भागात गेला. स्क्रीन तिच्या खऱ्या रिझोल्यूशनमध्ये दिसू लागली, पण थ्रीडी प्रवेग कधीच मिळाला नाही. आणि हे सगळं निस्तरत असतानाच इंटेलने एन२६०० आणि एन२८०० या अ‍ॅटममध्ये पुन्हा पॉवरव्हीआरच घातलं!

विंडोजवाल्यांनीही यावर फार हसू नये. त्याच वंशाचं ग्राफिक्स असलेल्या क्लोव्हर ट्रेल अ‍ॅटमला इंटेलचा पाठिंबा थांबला, तेव्हा २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्या मशीनना विंडोज १० ची पुढची आवृत्ती नाकारली.

२०१३ नंतरच्या बे ट्रेल अ‍ॅटममध्ये ग्राफिक्स पुन्हा इंटेलचं झालं. आता अडचण सुरुवातीलाच आली. प्रोसेसर ६४ बिटी, पण अनेक स्वस्त मशीनांचं यूईएफआय, म्हणजे मशीन सुरू करणारं अंगभूत सॉफ्टवेअर, ३२ बिटी. ६४ बिटी लिनक्स असलेली साधी पेनड्राइव्ह तिथे बूटच होईना. कर्नल ३.१५ ने २०१४ मध्ये हे मिश्रण हाताळायला सुरुवात केली, तरी ३२ बिटी बूटलोडर (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रॅम) पेनड्राइव्हवर असावाच लागतो. अशा काही मशीनांत वायफाय एसडीआयओवर, म्हणजे एसडी कार्डासारख्या जोडणीवर बसवलेलं, म्हणून नेहमीच्या पीसीआय जोडणीच्या यादीत ते दिसतच नाही. रिअलटेकच्या ८७२३बीएस या त्यातल्या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये यायला २०१७ उजाडलं.

दरम्यान बंद फर्मवेअर लिनक्ससोबत द्यावं की नाही, हा जुना वाद निवळला. डेबियन या डिस्ट्रोने २०२२ मध्ये मतदान घेऊन बंद फर्मवेअर इन्स्टॉलरमध्ये घ्यायचं ठरवलं आणि १२ व्या आवृत्तीपासून ते मिळू लागलं. पण २०२५ च्या १३ व्या आवृत्तीत डेबियनने ३२ बिटी इन्स्टॉलर आणि कर्नल बंद केले. एन२७० केवळ ३२ बिटी आहे, म्हणजे इतकी वर्षं सर्वांत कमी त्रास देणारी नेटबुकंच आता या दारातून बाहेर पडली. २०१० च्या सुमारास आलेली एन४५० ची मशीनं मात्र ६४ बिटी आहेत आणि त्यांचं ग्राफिक्सही खुल्या ड्रायव्हरवर चालतं. त्यांना अजून काही अडचण नाही.