पायातलं पाणी जातं कुठे?

आत्याच्या पायांची सूज आधी चपलेला कळली. पट्टा शेवटच्या भोकात गेला, मग तेही पुरेना. संध्याकाळी नडगीवर अंगठा टेकवून दाबलं की खळगा पडायचा आणि चहाचा कप अर्धा होईपर्यंत तसाच राहायचा. शेजारच्या काकूंचा सल्ला तयार होता, "मेडिकलमध्ये घट्ट मोजे मिळतात, ते घाला. माझ्या नणंदेला दोन दिवसांत फरक पडला." मोजे आले. दुसऱ्या दिवशी तपासणी होतीच, म्हणून आत्याने ते न घालता पिशवीत टाकले आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून विचारलं, "हे घातले की सूज उतरते म्हणे. पण मग ते पाणी जातं कुठे?"

घरात इतकी शिकलेली माणसं, पण हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच पडला नव्हता.

आत्याच्या कागदावर 'हार्ट फेल्युअर' लिहिलेलं होतं. आपल्याकडे हे शब्द वाचून घरदार हादरतं, कारण बोलण्यात "हार्ट फेल झालं" म्हणजे माणूस गेला. डॉक्टरांच्या लेखी मात्र अर्थ इतकाच, की हृदयाचा पंप शरीराला लागेल तितकं रक्त पुढे ढकलायला कमी पडतोय, किंवा ढकलतोय पण त्यासाठी आतला दाब वाढवून. असं हृदय घेऊन माणसं वर्षानुवर्षं जगतात.

आता सूज. केशवाहिन्या, म्हणजे रक्ताच्या सगळ्यात बारीक नळ्या, काही पक्क्या बंद नसतात, त्या झिरपतात. आतला रक्तदाब पाणी बाहेर ढकलतो आणि रक्तातली प्रथिनं ते आत धरून ठेवतात. ही रस्सीखेच लंडनच्या अर्नेस्ट स्टार्लिंग या शरीरशास्त्रज्ञाने १८९६ साली मांडली. कुत्र्याच्या मागच्या पायात मिठाचं पाणी सोडून ते रक्तात परत शोषलं जातं, हे त्याने दाखवलं. पुढे त्यात दुरुस्ती झाली. बाहेर झिरपलेलं बरंचसं पाणी थेट रक्तात परतत नाही, ते लसिकावाहिन्या, म्हणजे झिरपलेलं पाणी गोळा करणाऱ्या वेगळ्या बारीक नळ्या, उचलून नेतात, असं आता मानलं जातं. या वाहिन्या शेवटी गळ्याच्या तळाशी, हाडाच्या मागे, मोठ्या शिरांमध्ये रिकाम्या होतात. हा पत्ता लक्षात ठेवा, आत्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे.

सूज पायांवरच का दिसते? गच्चीवरच्या टाकीचं पाणी तळमजल्याच्या नळाला जोरात येतं, त्यातलाच प्रकार. उभ्या माणसात हृदयापासून घोट्यापर्यंत साधारण सव्वा मीटर उंचीचा रक्ताचा स्तंभ असतो. त्यामुळे स्तब्ध उभं राहिल्यावर घोट्याच्या शिरेत जवळजवळ ९० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब पडतो. चालायला लागलं की पोटरीचे स्नायू शिरा पिळून रक्त वर ढकलतात आणि तोच दाब २०-३० पर्यंत उतरतो. पोटरीला दुसरं हृदय म्हणतात ते उगाच नाही. दिवसभर पाय लोंबकळत खुर्चीत बसणाऱ्या आत्याचं हे दुसरं हृदयही सुट्टीवर होतं.

पहिलं हृदय थकलं की मागे शिरांमध्ये रक्त तुंबतं आणि झिरपणं वाढतं. त्यात मूत्रपिंडांची फसगत होते. त्यांच्याकडे रक्त कमी पोचतं, त्यांना वाटतं शरीर कोरडं पडलंय, आणि ती मीठ-पाणी धरून ठेवू लागतात. म्हणून ही सूज पायावर दिसली तरी पायाची नसते. अंगठ्याचा खळगा उमटायला लागेपर्यंत शरीरात साधारण दोन-तीन लिटर जादा पाणी साठून गेलेलं असतं. वजनकाटा हे अंगठ्याच्या कितीतरी आधी सांगतो.

घट्ट मोजे नेमकं काय करतात? स्टार्लिंगच्या रस्सीखेचीत ते बाहेरून हात लावतात. त्वचेवर दाब आला की केशवाहिनीतून पाणी कमी झिरपतं आणि जे झिरपलंय ते लसिकावाहिन्यांकडे सरकतं. शिवाय शिरा चेपल्या जाऊन त्यांतलं रक्त लगेच वर जातं. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या टोलेडो गावी कॉनराड जॉब्स्ट नावाचा जर्मनीत जन्मलेला इंजिनिअर होता. त्याच्याच पायांच्या शिरा खराब होत्या. पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की पाय हलके वाटतात, हे त्याला जाणवलं. पाण्याचा दाब तळाशी जास्त आणि वर कमी, म्हणजे घोट्याला जास्त आणि गुडघ्याला कमी. तसाच उतरता दाब देणारे मोजे त्याने १९५० च्या सुमारास तयार केले. आजच्या मोज्यांचं तत्त्व तेच. जर्मन मापात पहिल्या वर्गाचा मोजा घोट्यावर १८ ते २१ मिलिमीटर दाब देतो आणि दुसऱ्या वर्गाचा २३ ते ३२.

पण याच तलावात गळ्यापर्यंत उतरा. निरोगी माणसातही पाण्याच्या दाबाने साधारण ७०० मिलिलिटर रक्त हातपाय आणि पोटातून छातीकडे सरकतं. धडधाकट हृदय एकेक ठोका मोठा मारून ते निभावून नेतं, मूत्रपिंडं जास्त लघवी करून हातभार लावतात. आधीच तुंबलेल्या हृदयाला मात्र ही अवेळी आलेली वरात झेपेलच असं नाही. त्याला पुढे ढकलता आलं नाही, तर रक्त फुप्फुसात तुंबतं आणि दम लागतो.

म्हणजे पायातलं पाणी मोज्याने शरीराबाहेर जात नाही. ते रक्तात जातं आणि रक्तातून हृदयाकडे. शरीराबाहेर काढायचं तर मुख्य वाट मूत्रपिंडांची, आणि ती वाट उघडते लघवीच्या गोळीने. आत्याला याचा अनुभव मोज्याशिवायच आला होता. रात्री आडवं झालं की पायातलं पाणी वर यायचं. दोनाच्या तीन उशा झाल्या होत्या आणि पहाटे खिडकीशी जाऊन बसावं लागत होतं. पाय सकाळी बारीक दिसायचे, त्यावर आम्ही खूश व्हायचो!

मग हृदयरोग्यांना मोजे वर्ज्यच का? इथे पुराव्याचा हिशेब फार तोकडा आहे. मोज्यांवरच्या बहुतेक अभ्यासांत हृदय खूपच थकलेल्यांना घेतलेलंच नाही. जे थोडे प्रयोग झाले, त्यांत पायांवर पट्ट्या बांधल्यावर हृदयाच्या उजव्या बाजूचा दाब काही वेळ वाढलेला दिसला, पण रुग्ण तिथल्या तिथे बिघडले असंही नाही. म्हणून २०२० साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटाने मधली वाट आखली. हृदय किती थकलंय हे सांगणाऱ्या न्यूयॉर्क हार्ट असोसिएशनच्या चार पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर नेहमीच्या कामाने काहीच त्रास नाही, चौथीवर बसल्या जागी दम लागतो. चौथ्या पायरीवर मोजे नकोत. तिसरीवर खरी गरज असेल तर आणि डॉक्टरांच्या देखरेखीतच. पहिल्या दोन पायऱ्यांवर गरजेप्रमाणे चालतील. मला हे पटतं. वर्षानुवर्षं सरसकट "हृदयरोग असेल तर नको" म्हटलं गेल्याने पायावर जखमा घेऊन बसलेल्या कित्येकांचा उपयोगी उपचार राहून जातो.

हृदयाइतकीच पायाच्या धमन्यांचीही चौकशी लागते. मधुमेहाने किंवा तंबाखूने धमन्या अरुंद झाल्या असतील, तर बाहेरचा दाब उरलासुरला रक्तपुरवठाही चेपतो. म्हणून घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात. ते ०.६ च्या खाली असेल तर मोजे नाहीत. मधुमेहात तळव्यांची संवेदना गेली असेल, तर मोजा रुतलेला कळतही नाही.

क्रेप बँडेज घरी गुंडाळण्यातही एक खोच आहे. ताण तोच ठेवला तरी गोलाई जितकी लहान तितका दाब जास्त, असं लाप्लासचा नियम सांगतो. त्यामुळे बारीक घोट्यावर आपोआप जास्त आणि जाड पोटरीवर कमी दाब पडतो, म्हणजे हवं तेच होतं. पण सुजून पाय खांबासारखा झाला की हा उतार नाहीसा होतो. आणि नडगीच्या धारेवर, जिथे हाडावर नुसती कातडी, तिथे दाब इतका वाढतो की कातडी फुटू शकते. बांधणारे जाणकार आधी कापूस गुंडाळतात ते यासाठी.

प्रत्येक सूज हृदयाची नसते, हेही आलंच. रक्तदाबासाठी घराघरात असलेल्या अम्लोडिपिननेही घोटे सुजतात, आणि ती सूज लघवीच्या गोळीला फारशी दाद देत नाही. विदर्भात डॉक्टर हत्तीरोगाचा विचार करतात. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर शिरेतली गुठळी आधी तपासायची, मोजा नंतर.

आत्याच्या गोळ्या वाढवल्या. लोणचं-पापड बंद झाले, त्यावरून घरात दोन दिवस अबोला. आठवड्याभरात वजन चार किलोंनी उतरलं, रात्रीची एक उशी सुटली. त्यानंतर डॉक्टरांनी पाय आणि धमन्या तपासून गुडघ्याखालचे, कमी दाबाचे मोजे लिहून दिले, तेही आधी एकाच पायाला. दम वाढला किंवा दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी चढलं, तर मोजा काढून फोन करायचा. काकूंनी सुचवलेले मोजे मांडीपर्यंतचे निघाले, ते परत केले.

आता सकाळी पलंगावरून पाय खाली सोडायच्या आधी ती मोजे चढवते. भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले की ते सरसर वर जातात, हे तिचं तिनेच शोधलं. वरची कड दुमडायची नाही, घोट्याशी चुणी राहू द्यायची नाही, रात्री काढायचे. आणि कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी रोज एक आकडा असतो. काल ५८.४, आज ५८.६.