रिकामी जागा चुगली करते

माझी भाची सध्या बँकेच्या परीक्षेची तयारी करतेय. मुलुंड ते दादर, लोकलच्या गर्दीत एका हातानं कडी धरून दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर ती इंग्रजीच्या रिकाम्या जागा, म्हणजे 'क्लोझ टेस्ट', भरत असते. परवा तिनं विचारलं, "मामा, क्लोझ टेस्टमध्ये सगळ्यात जवळचा शब्द शोधायचा असतो, म्हणून तिला क्लोझ म्हणतात ना?"

तसं नाही. हा शब्द 'क्लोजर'वरून, म्हणजे अपुरं ते मनानं पुरं करण्यावरून घडवलाय. वर्तुळाचा थोडा भाग पुसला तरी आपल्याला वर्तुळच दिसतं, उरलेलं मन पुरं करतं. १९५३ साली विल्सन टेलर या अमेरिकन संशोधकानं हीच कल्पना भाषेला लावली. मजकुरातला ठरावीक अंतरावरचा शब्द गाळायचा आणि वाचकांना तो ओळखायला सांगायचं. जितके जास्त शब्द ओळखले जातील, तितका मजकूर सोपा. म्हणजे तेव्हा परीक्षा वाचकाची नव्हती, लिहिणाऱ्याची होती!

पुढे या गाळलेल्या शब्दाचा मेंदूशी जो संबंध जुळला, तो मला फार आवडतो. 'मी भिजून आलो तेव्हा आईनं गरमागरम ___ दिला' हे वाक्य शंभर जणांना द्या. समजा, ८५ जणांनी 'चहा' लिहिलं. मग या जागी 'चहा'ची क्लोझ संभाव्यता झाली ०.८५. कुणी 'काढा' म्हणेल, कुणी 'शिरा'. पण 'कॉफी' कुणी लिहिणार नाही, कारण 'दिला'नं ती वाट आधीच बंद केलीय. आपण शब्द वाचायच्या आत मेंदू त्याच्यासाठी पाट मांडून बसलेला असतो.

आणि पाटावर भलताच पाहुणा येऊन बसला तर? १९८० साली मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी लोकांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून इंग्रजी वाक्यं एकेक शब्द करून दाखवली. त्यातलं एक वाक्य होतं, 'त्यानं गरम पावाला मोजे लावले'. 'मोजे' दिसल्यावर साधारण ४०० मिलिसेकंदांनी विद्युतदाबात ऋण दिशेचा एक उतार दिसला. त्याचं नाव एन-४००. १९८४ मध्ये याच दोघांनी दाखवलं की शब्दाची क्लोझ संभाव्यता जितकी कमी, तितका हा उतार मोठा. व्याकरण मोडलं तर बहुधा वेगळीच लहर येते: सुमारे ६०० मिलिसेकंदांनी आणि धन दिशेची, म्हणून पी-६००. या लहरी काही मायक्रोव्होल्टच्या, एका वाक्यात दिसतच नाहीत. इतर विद्युत गोंगाटात बुडालेल्या असतात. तशी अनेक वाक्यं दाखवून सरासरी काढली की गोंगाट एकमेकांना खोडतो आणि लहर वर येते.

(हे असं मोजावं लागतं, म्हणून 'मिड-ब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन', म्हणजे मेंदू जागा करून मुलांना डोळे बांधून वाचायला शिकवतो, असं सांगणाऱ्या क्लासवाल्यांचा राग येतो. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचणारं पोर नाकाच्या कडेच्या फटीतून बघत असतं, एवढंच त्यामागचं विज्ञान.)

मग रिकाम्या जागा भरून इंग्रजी येतं का? आठवायला लागणं हे नुसतं पुन्हा वाचण्यापेक्षा टिकाऊ असतं, हे पक्कं आहे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानं पारडं फिरलं: वाचणारे ४२, आठवणारे ५६.

पण भाचीचं पुस्तक तिला आठवूच देत नाही. पानाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत 'प्रेझेंट परफेक्ट', खाली वीस वाक्यं, प्रत्येकात कंसात क्रियापद. ती वाक्य न वाचता 'हॅज गॉन', 'हॅव सीन' भरत सुटते. वीसपैकी एकोणीस! कोणता काळ वापरायचा, हा खरा प्रश्न शीर्षकानंच सोडवलेला.

मराठी माणसाची गोची नेमकी तिथंच आहे. 'तो काल आलाय' हे आपल्याला खटकत नाही. इंग्रजीत 'ही हॅज कम यस्टरडे' चालत नाही. 'मी २०१९ पासून मुंबईत राहतो' यात आपला साधा वर्तमानकाळ, म्हणून आपण बिनदिक्कत 'आय अ‍ॅम लिव्हिंग इन मुंबई सिन्स २०१९' म्हणतो. तिथं 'हॅव बीन लिव्हिंग' हवं.

शिवाय रिकामी जागा स्वतःच चुगलखोर. ती सांगून टाकते की इथं काहीतरी हवंय. आपण 'प्रश्नाबद्दल चर्चा' करतो, म्हणून 'डिस्कस्ड अबाउट द प्रॉब्लेम' म्हणतो. इथं 'अबाउट' नकोच, पण रेघ आखली की हात काहीतरी लिहितोच. 'अ' आणि 'द' या इंग्रजी आर्टिकल्सचंही तेच. मराठीत ती भानगडच नाही, त्यामुळे कुठे लावायचं याइतकंच कुठे लावायचं नाही हे शिकावं लागतं.

म्हणून गेल्या रविवारी मी पानांची झेरॉक्स काढली, शीर्षकं कात्रीनं उडवली, वाक्यं कापून एका डब्यात मिसळली आणि काही वाक्यांत मुद्दाम फुकटच्या रेघा घातल्या. भाचीला वीसपैकी अकरा मिळाले. रात्री ताईचा फोन, "अरे, परीक्षा तोंडावर आलीय आणि तू तिला शिकवतोयस की बिघडवतोयस?"

चुकलेल्या नऊ वाक्यांपैकी पाचांत 'यस्टरडे' होतं. ती पाच पुन्हा डब्यात टाकली आहेत.