भूगोल-अध्यापन (गोवा : सहावी ते आठवी)

गोव्यातील शाळांत सहावी ते आठवीला भूगोल हा इतिहास आणि नागरिकशास्त्राबरोबर सामाजिक शास्त्राचा भाग म्हणून शिकवतात. मराठी किंवा कोकणीतून प्राथमिक शिक्षण झालेली बहुतेक मुले पाचवीपासून इंग्रजी माध्यमात जातात. साहजिकच पुस्तक इंग्रजी आणि समजावणे घरच्या भाषेत, असा वर्ग चालतो. पुस्तके अख्खा देश डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली असतात. शाळेमागची खाडी त्यांत कुठून येणार? ती शिक्षकानेच आणायची असते.

राज्याचा लहान आकार येथे सोयीचा ठरतो. क्षेत्रफळ ३,७०२ चौ. किमी., दक्षिणोत्तर लांबी सुमारे १०५ किमी. १ सेंमी.ला ५ किमी. हे प्रमाण घेतले, तर अख्खा गोवा वहीच्या एका पानावर मावतो. त्यावर मुले पूर्वेला सह्याद्री, मध्ये जांभ्याची पठारे, पश्चिमेला किनारा आणि मांडवी व जुवारी यांना जोडणारा कुंभारजुवे कालवा दाखवतात.

भरती-ओहोटीचा धडा खाजनात जितका उलगडतो, तितका फळ्यावर उलगडत नाही. खाजन म्हणजे नदीमुखाजवळची, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेती. तिथे कोरगुट हे खारेपण सोसणारे भात पिकते. बांधातल्या मानशीची, म्हणजे पाण्याच्या झडपेची, लाकडी दारे नदीच्या बाजूला उघडतात. भरतीचे पाणी दारांवर रेटा देते तशी ती मिटतात; ओहोटी लागली की आतले पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. चार-पाच दिवस भरतीची वेळ टिपली, की ती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते हे मुलांनाच दिसते. मग चंद्राचे कारण सांगणे सोपे जाते.

अक्षांशासाठी शून्य सावलीचा प्रयोग सुचवतात. पणजी १५.५° उत्तरेला असल्याने मेच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो. पण मे सुट्टीचा महिना, आणि ऑगस्टमध्ये ढग! त्यापेक्षा रेखांशाचा प्रयोग बरा. तो हिवाळ्यातल्या कोणत्याही उन्हाच्या दिवशी होतो. अंगणात काठी रोवून सर्वांत आखूड सावलीची वेळ टिपायची. ती बाराला पडत नाही, साडेबाराच्या आगेमागे पडते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५° पूर्व रेखांशाची आहे, गोवा ७४°च्या जवळ; दर अंशाला ४ मिनिटे धरून उरलेले गणित मुले स्वतःच मांडतात.