पीसीओएस आणि काष्ठौषधी

घोडबंदर रोडवर किंवा वाशी-नेरुळच्या सोसायट्यांच्या कुंपणालगत लाटदार कडांच्या पानांचे जे उंच, सरळसोट झाड ओळीने लावलेले दिसते, त्याला सगळेच अशोक म्हणतात. मात्र पाळीच्या तक्रारींवरच्या अशोकारिष्टात ज्याची साल पडायला हवी, तो सीता-अशोक वेगळाच आहे: बुटका, डेरेदार, केशरी-तांबड्या फुलांच्या गुच्छांचा. रानात तो इतका विरळ झाला आहे की आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत त्याची नोंद असुरक्षित प्रजातींमध्ये आहे. मागणी मोठी आणि साल थोडी, त्यामुळे सोसायटीतल्या त्या दुसऱ्या अशोकाची साल तिच्यात सर्रास मिसळली जाते आणि एकदा पूड झाली की साध्या डोळ्यांना फरक कळत नाही. पूड घेण्यापूर्वी ती कोणत्या झाडाची आहे, हे दुकानदाराला विचारलेच पाहिजे.

दुसरा प्रश्न औषध शरीरात कुठे काम करते, हा. प्रजननक्षम वयातल्या साधारण दहापैकी एका स्त्रीला पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे हार्मोन्सचा तोल बिघडून पाळी अनियमित होण्याचा विकार) असतो. सोनोग्राफीच्या अहवालात अंडाशयाच्या कडेने मोत्यांच्या सरासारख्या दिसणाऱ्या 'गाठी' वाचून मुली आणि त्यांच्या आया घाबरतात आणि 'गाठी विरघळवणारे' चूर्ण शोधू लागतात. प्रत्यक्षात त्या अर्ध्यावर वाढ थांबलेल्या बीजपुटिका असतात. त्यात विरघळवण्यासारखे काही नसते. त्यांची वाढ थांबते ती हार्मोन्सचा तोल बिघडल्यामुळे. पुष्कळ रुग्णांत शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून रक्तातले इन्सुलिन वाढते. ते अंडाशयाला जास्त पुरुषी हार्मोन बनवायला लावते आणि त्याच वेळी त्या हार्मोनला बांधून ठेवणारे यकृतातले प्रथिनही कमी करते. चेहऱ्यावरची लव, मुरुमे आणि लांबलेली पाळी यांची मुळे बऱ्याच अंशी इथे आहेत.

म्हणूनच साखरेवर काम करणाऱ्या वनस्पतींकडे मला अधिक आशेने पाहावेसे वाटते. मेथीतला विद्राव्य तंतू जेवणानंतर साखर शोषली जाण्याचा वेग कमी करतो. दालचिनीच्या लहान चाचण्यांत इन्सुलिनबाबत काही सुधारणा दिसली आहे; मात्र वाशीच्या मसाला मार्केटमधून घरी येणारी जाड, कडक, एकपदरी साल बहुधा कॅसिया या दालचिनीच्याच दुसऱ्या जातीची असते, तिच्यात कूमारिन हा सुवासिक घटक पुष्कळ असतो आणि रोज चमचाभर पूड दीर्घकाळ घेतल्यास तो यकृताला बाधू शकते. सिलोनची दालचिनी कागदासारख्या पातळ पापुद्र्यांच्या सुरळीत असते आणि तिच्यात कूमारिन नगण्य असते.

पुदिन्याच्या चहाची 2010 साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी बोलकी आहे. पीसीओएस असलेल्या 42 स्त्रियांपैकी ज्यांना 30 दिवस, दिवसातून दोनदा हा चहा दिला, त्यांचे टेस्टोस्टेरॉन (मुख्य पुरुषी हार्मोन) कमी झाले आणि त्यांना स्वतःला लव कमी वाटली, परंतु डॉक्टरांच्या मोजमापात ती कमी झाली नव्हती. केसाचे चक्र महिन्यांचे असते, त्यामुळे महिनाभरात तो फरक दिसणे अवघडच होते.

ज्येष्ठमधाबद्दल मात्र सावध राहायला हवे. त्यानेही टेस्टोस्टेरॉन काहीसे उतरते, पण त्यातले ग्लिसिरायझिन हे द्रव्य मूत्रपिंडात कॉर्टिसॉल हे हार्मोन निष्क्रिय होऊ देत नाही. परिणामी सोडियम साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब चढतो. पीसीओएसमध्ये रक्तदाब वाढण्याचा धोका आधीच असतो. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना मेथीची पूड औषध म्हणून घेतल्यास साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते, म्हणून दोन्ही घेत असल्यास डॉक्टरांना आणि वैद्यांना सगळे सांगावे, अगदी घरगुती काढासुद्धा.

चूर्णाचा गुण येईल म्हणून सहा-सहा महिने थांबणे मला सर्वांत जास्त काळजीचे वाटते. बीजमोचन (अंडाशयातून बीज बाहेर पडणे) होत नसताना गर्भाशयाच्या अस्तराला अस्तर वाढवणारे इस्ट्रोजेन मिळत राहते, त्याला आवर घालणारे प्रोजेस्टेरॉन मिळत नाही. अस्तर जाड होत जाते आणि वर्षानुवर्षे असेच चालले तर त्यात कर्करोगाचा धोका वाढतो. पाळी तीन महिन्यांहून अधिक लांबली, तर गरोदरपणाची चाचणी करून स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. काढा चालू असला तरीही.