कात्री मास्टरच्या हातातून सुटली कशी? कोल्हापुरातल्या कटिंगच्या शिकवणीची पार्श्वभूमी

मापावर कपडे शिवून देणारे आणि त्याच टेबलावर चार-पाच जणांना पॅटर्न (कापण्याआधीचा कागदी नमुना) काढायला शिकवणारे छोटे स्टुडिओ कोल्हापुरात आता नवलाचे राहिलेले नाहीत. तिथे शिकायला येणाऱ्या बहुतेकींना शिवता येते. घरी मशिन असते, पिको-फॉलची कामे चालू असतात, शेजारणींचे ब्लाऊज शिवायला घेतलेले असतात. घोडे अडते ते कापड पसरल्यावर. मग मापाचा जुना ब्लाऊज मागून घ्यायचा, तो नव्या कापडावर ठेवायचा, खडू फिरवायचा आणि कापायचे. जुना बिघडलेला असेल तर नवाही तसाच बिघडतो.

शिवणे एकाकडे आणि कापणे दुसऱ्याकडे ही वाटणी आजची नाही. स्टुडिओत पैसे भरून लोक नेमके काय विकत घेतात हे समजायचे, तर ही वाटणी झाली कशी ते पाहावे लागते.

आपल्याकडचे जुने शिवलेले कपडे मुख्यतः सरळ तुकड्यांचे. अंगरखा, बाराबंदी, पैरण घ्या: मागावरून येणाऱ्या कापडाच्या पन्ह्याचा (रुंदीचा) अंदाज घेऊन आयत आणि तिरप्या कळ्या काढायच्या, काखेत चौकोनी तुकडा घालायचा, म्हणजे हात वर करता येतो. कापड वाया घालवायचे नाही हा पहिला नियम. अंगाला बसवण्याचे काम कात्री करत नसे, बांधायचे बंद ते करत. सुटला तर सैल, आवळला तर घट्ट. खणाच्या चोळीचेही तेच. गुळेदगुडचा खण घेऊन काठ बाहीवर येईल असे तुकडे बेतायचे आणि पुढची गाठ मारणारी बाई आपले माप रोज स्वतःच ठरवायची. बाळंतपणाआधी आणि नंतर तीच चोळी चालत असे, ही सोय पुढच्या हूकवाल्या ब्लाऊजने घालवली.

शिंप्याची हत्यारेही थोडकी होती. गुरुग्रंथसाहिबात संत नामदेवांचे एक पद आहे. त्यात त्यांनी मनाला गज (कापड मोजायची काठी) आणि जिभेला कात्री केले आहे. नामदेव १२७० ते १३५० या काळातले, शिंपी घरातले. त्यांच्या पदात गज आहे, कात्री आहे, सुई-दोरा आहे. माणसाच्या छातीभोवती फिरणारी, इंचांच्या खुणांची टेप मात्र नाही. ती असणारही नव्हती, कारण खुद्द युरोपात ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुळली. त्याआधी तिकडचे शिंपी प्रत्येक गिऱ्हाइकाची कागदी पट्टी ठेवत आणि तिच्यावर खाचा मारत.

युरोपचा हा भाग थोडक्यात उरकतो. स्पेनमध्ये हुआन दे अल्सेगाने १५८० साली कापड बेतण्याच्या आकृत्या छापल्या. त्यांचा भर कापडात तुकडे कसे बसवायचे यावर होता. अंगाचा घाट कागदावर उतरवण्याचे शास्त्र नंतरचे. पॅरिसमध्ये आलेक्सी लाव्हिन्यने १८४१ मध्ये कटिंग शिकवणारी शाळा काढली. अमेरिकेत एलियास हॉवेला १८४६ मध्ये आणि आयझॅक सिंगरला १८५१ मध्ये शिलाई मशिनचे पेटंट मिळाले. १८६३ मध्ये एबेनेझर बटरिकने वेगवेगळ्या मापांचे कागदी पॅटर्न विकायला काढले. म्हणजे विसेक वर्षांत शाळा, मशिन आणि कागद ही तिन्ही तिकडे तयार झाली. आपल्याकडे ती एकत्र आली नाहीत. आधी मशिन आले, कागदाला वेळ लागला आणि शाळा तर फार उशिरा आली. मला तरी आजच्या निम्म्या अडचणींचे मूळ या उलट्या क्रमात दिसते.

कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ मध्ये. तीन वर्षांनी शाहू महाराज गादीवर आले, १८९५ मध्ये त्यांनी शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली आणि १९०६ मध्ये शाहू छत्रपती स्पिनिंग अँड वीव्हिंग मिलची स्थापना झाली. तिकडे इचलकरंजीत घोरपडे जहागीरदारांच्या आश्रयाने विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग बसवला. गिरणीचे कापड, रेल्वेने येणारे विलायती सूटिंग, दरबार, कचेऱ्या, शाळा या सगळ्यांतून कोटाला गिऱ्हाईक मिळाले. कोट हा अंगरख्यासारखा बांधून बसवता येत नाही. तो कापतानाच बसावा लागतो. कटिंग मास्टर नावाच्या माणसाचे महत्त्व इथून वाढले.

जुन्या टेलरिंग दुकानाची रचना ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सांगायला नको. दर्शनी भागात मास्टरचे उंच टेबल, मागे किंवा पोटमाळ्यावर कारागीर. मास्टर माप घेणार, वहीत उतरवणार, कापणार, तुकड्यांची गुंडाळी करून दोऱ्याने बांधणार आणि वर चिठ्ठी खोचणार. कारागीर नगावर शिवणार. वहीत आकडे एका ठरलेल्या ओळीत, नावाशिवाय: लांबी, छाती, कंबर, सीट, शोल्डर, बाही, गळा. शेजारी मास्टरची स्वतःची एखादी खूण, म्हणजे उजवा खांदा खाली आहे किंवा पाठीला बाक आहे. ती खूण दुसऱ्याला वाचता येत नसे, आणि येऊ नये हाच हेतू.

नव्या पोराला आधी काज-बटण, तुरपाई, कोळशाच्या इस्त्रीची राख काढणे. मग लेंगा, पायजमा. मग शर्टाची बाही, कॉलर. कात्री सगळ्यांत शेवटी, आणि पुष्कळांना शेवटपर्यंत नाहीच. याला निव्वळ खडूसपणा म्हणून चालणार नाही. चुकलेली शिलाई उसवता येते, चुकलेला काप जोडता येत नाही, आणि कापड गिऱ्हाइकाचे. शिवाय कापायला शिकलेला कारागीर वर्षभरात समोरच्या बोळात स्वतःचे दुकान टाकणार, हे मास्टरला ठाऊक असे. बहुतेकदा तो स्वतःही तसाच निघालेला असे.

कोल्हापुरात मास्टरची परीक्षा पाहणारे एक खास गिऱ्हाईक होते: पैलवान. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे केले. तालमीत घडलेले अंग हिशेबात बसत नाही. छातीवरून बाकीची मापे काढण्याचा एक जुना ठोकताळा आहे: मुंढ्याची (बाही जोडायच्या घेराची) खोली छातीचा चौथा भाग. छाती ३६ असेल तर ९ इंच, ठीक. पैलवानाची छाती ४६. चौथा भाग साडेअकरा. पण छाती दहा इंचांनी वाढली म्हणून काख काही अडीच इंच खाली सरकत नाही. मुंढा इतका खोल कापला की हात वर करताच अख्खा शर्ट बेंबीच्या वर येतो. पुन्हा मानेजवळचे स्नायू भरलेले, त्यामुळे खांद्याचा उतार जास्त. छाती पुढे काढून चालायची सवय, त्यामुळे पुढचा भाग तोकडा पडतो आणि मागे मानेखाली आडवी घडी येते. कंबर ३४. छाती आणि कंबर यांतला बारा इंचांचा फरक नुसता बाजूच्या शिलाईत खाल्ला तर शर्टाला झालर लागल्यासारखे दिसते, तो पाठीवरही वाटावा लागतो. जो मास्टर पैलवानाचा कोट एका ट्रायलमध्ये बसवी, त्याला आकडे नव्हे, माणूस वाचता येत होता. हे ज्ञान लिहून कुणीच ठेवले नाही.

खासबागेला लागूनच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभे राहिले, म्हणजे आजचे केशवराव भोसले नाट्यगृह (२०२४च्या आगीत होरपळले ते हेच). संगीत नाटकांना भरजरी कपडेपट लागे. पाठोपाठ बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी आली, १९२० मध्ये तिचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला, आणि १९२९ मध्ये प्रभातची स्थापनाही कोल्हापुरातच झाली. पौराणिक, ऐतिहासिक चित्रपट म्हणजे रोजच्या गिऱ्हाइकीत नसलेले कपडे: अंगरखे, जामे, उत्तरीये. पडद्यामागे ते बेतणारे हातही होतेच.

याच वातावरणात, १९२९ मध्ये, कोल्हापुरात भानुमती राजोपाध्ये जन्मल्या. वडील अण्णासाहेब चित्रकार, बाबूराव पेंटरांच्या चित्रपटांशी जोडलेले. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून त्या ‘इव्हज वीकली’ या साप्ताहिकासाठी फॅशनची रेखाटने करू लागल्या. त्याच्या संपादिकेने बुटीक काढले तेव्हा कपडे डिझाईन करून बघ, असे त्यांना सुचवले गेले, आणि तिथून वाट बदलली. ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळवणाऱ्या भानू अथय्या त्या याच. ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय. कोल्हापूर त्यांचे नाव अभिमानाने घेते आणि घ्यावेच. पण त्या मुंबईत घडल्या आणि प्रभात १९३३ मध्ये पुण्याला गेली. कपडेपटाच्या त्या अनुभवातून गावात कटिंगची शाळा उभी राहिली नाही, हेही त्याच दमात म्हणायला हवे.

मास्टरच्या हातातून कात्री सुटली ती दुसऱ्याच बाजूने, बायकांमुळे.

शिलाई मशिन हळूहळू घराघरांत गेले. यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ मध्ये सिंगरच्या मशिनला अपवाद केले होते. १९३०च्या दशकात कलकत्त्यात ‘उषा’ मशिन बनू लागले आणि पुढे ते मध्यमवर्गीय घरातली, लग्नात मुलीला देण्याची वस्तू झाले. चोळी जाऊन पोलके, झंपर आणि मग ब्लाऊज आला होता. ब्लाऊजला गाठ नाही, त्याला टक्स (अंगाचा घाट देणाऱ्या शिवलेल्या चुण्या) लागतात, आणि टक्स म्हणजे कटिंग आले. पुरुष मास्टरकडे ब्लाऊजचे माप द्यायला संकोच, दुकानाची शिलाई परवडत नाही, म्हणून घरीच शिकायचे. महिला मंडळांचे शिवणवर्ग, सरकारी परीक्षांचे प्रमाणपत्र, आयटीआयमधला एक वर्षाचा ‘कटिंग अँड स्यूइंग’ (आता त्याला ‘स्यूइंग टेक्नॉलॉजी’ म्हणतात) हे सारे या गरजेवर उभे राहिले. झारापकर पद्धतीची पुस्तके मराठी घरांत कपाटात दिसू लागली. छाती भागिले चार, भागिले बारा, अधिक अर्धा इंच. जे दुकानात दहा वर्षे राबून कळत नव्हते ते महिन्याभरात वहीत लिहून मिळू लागले. ही मोठी गोष्ट होती, आणि पुस्तकी म्हणून तिला नाके मुरडणाऱ्या मास्टर मंडळींशी मी सहमत नाही.

उणीव मात्र होती. दोन बायका घ्या, दोघींची छाती ३६. सूत्राप्रमाणे दोघींचा पुढचा-मागचा पाव भाग ९, वर लूज (सैलपणासाठी थोडे जादा). आता टेप दोन्ही बाजूंच्या शिलाईपाशी थांबवून पुढचे आणि मागचे माप वेगळे घ्या. एकीचे पुढे १९, मागे १७. दुसरीची पाठ रुंद: पुढे साडेसतरा, मागे साडेअठरा. एकाच कागदावरून दोघींचे ब्लाऊज कापले तर पहिलीचे हूक ताणतात आणि पाठीत कापड लोंबते; दुसरीचे मागे काखेजवळ ओढले जाते आणि पुढे टक्सच्या टोकाला फुगा राहतो. शिवणवर्गात यावर सांगायचे ते ठरलेले असे: ‘बाजूने एक शिलाई घाला.’ ट्रायल हा भाग अभ्यासक्रमात जवळजवळ नव्हताच, कारण वहीत चिकटवलेल्या छोट्या कागदी नमुन्यांना अंग नसते.

दरम्यान दुकानांवर रेडीमेडचे सावट आले. कोल्हापूरजवळ वळिवड्याला दुसऱ्या महायुद्धात पोलिश निर्वासितांची छावणी होती. ते गेल्यावर फाळणीनंतर आलेले सिंधी लोक तिथे वसले आणि गांधीनगर झाले, जिल्ह्यातली कापडाची मोठी घाऊक पेठ. आधी तिथून सूटिंग-शर्टिंगचे तागे येत, नंतर तयार शर्ट-पँटही येऊ लागल्या. टेलरकडे जूनमधले गणवेश, लग्नसराई आणि पँटची उंची कमी करणे एवढेच उरत गेले. मास्टरांची मुले या धंद्यात उतरली नाहीत.

आजचे स्टुडिओ या दोन तुटक धाग्यांच्या मध्ये आहेत: दुकानातली लिहून न ठेवलेली नजर आणि शिवणवर्गातली लिहिलेली सूत्रे. शिकवण्याची पद्धतही दोन्हीकडून घेतलेली. सूत्राने बेसिक ब्लॉक (मापाचा साधा मूळ नमुना) काढायचा, मांजरपाटावर कापायचा, भरपूर माया (शिलाईबाहेरचे जादा कापड) सोडून कच्चे टाके घालायचे, अंगावर चढवायचे, टाचण्या लावायच्या, आणि झालेला बदल पुन्हा कागदावर उतरवायचा. इचलकरंजी तासाभरावर असल्याने ट्रायलसाठी लागणारे कोरे कापड इथे स्वस्त पडते. मोठ्या शहरांतल्या संस्थांमध्ये मुलांना त्यासाठी हात आखडावा लागतो.

मागणी कशाची आहे तेही पाहण्यासारखे आहे. सर्वांत जास्त विचारणा शिवलेल्या नऊवारीची. ज्या वस्त्राला शतकानुशतके कात्री लागली नाही त्याचा आता पॅटर्न निघतो. काष्टा कुठे जोडायचा, निऱ्या कमरेच्या पट्टीत किती घ्यायच्या, मांडी घालून बसता यावे म्हणून आसनाला किती सोडायचे, यावर दर स्टुडिओचे वेगळे मत. त्याखालोखाल ब्लाऊज आणि कुर्ती. कोट शिकायला फार थोडे येतात. त्याची कॅनव्हास (आतले ताठ अस्तर) बसवण्याची, कॉलर वळवण्याची हातशिलाई येणारे मास्टर गावात मोजके उरले आहेत, आणि ते अजूनही सहज बोलत नाहीत.

एक भांडण मात्र रोजचे आहे. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला, तरी कोल्हापूरचा मास्टर इंचातच बोलतो. मोबाईलवर परदेशी पॅटर्न पाहून आलेली मुले सेंटिमीटर धरतात. टेपच्या दोन बाजूंना दोन्ही असते, त्यामुळे एकाच ब्लॉकवर छाती इंचात आणि बाही सेंटिमीटरमध्ये असे कागद टेबलावर सापडतात आणि शिकवणाऱ्याचा पहिला अर्धा तास ते निस्तरण्यात जातो.